घरात द्यावयाची साक्ष

महाराष्ट्रातील जुन्या ख्रिस्ती घराण्यांची कुळकथा मागे मागे शोधीत गेले असता पुष्कळदा तिच्या उगमाशी एकच प्रसंग उभा असलेला दिसतो; तो असा की, कोणी एक तरुण आपल्या धर्मनिष्ठ आईबापांपुढे येतो आणि जी गोष्ट ऐकताच आई अन्नपाणी सोडील, बाप दार लावून घेईल आणि भाऊबंद जिवंतपणी सुतक धरतील हे त्यास पुरते ठाऊक आहे, ती गोष्ट बोलून दाखवितो. बाबा पदमनजी यांनी १८५४ साली बेळगावास बाप्तिस्मा घेतला, नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस घेतला. आणि त्यापायी त्यांच्या घरी काय काय घडले ते पदमनजींच्या ‘अरुणोदया’तून व लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तून मराठी वाचकांच्या परिचयाचे झालेले आहे. खेडोपाडी जेथे महार-मांग वस्त्यांतील कुटुंबेच्या कुटुंबे एकदम ख्रिस्ती मंडळीत आली, तेथे हा प्रसंग आईबापांपुढे न घडता गावकीपुढे घडला, एवढाच काय तो फरक.

पदमनजींच्या चरित्रात विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, मन पालटले ते आधी आणि बाप्तिस्मा झाला तो नंतर, आणि या दोहोंच्या मधल्या काळात हा बुद्धिमान तरुण परमहंस मंडळीचा सभासद होता. १८४९ च्या सुमारास मुंबईत निघालेली ही मंडळी गुप्त होती. ख्रिस्त्याने भाजलेला पाव खाऊन तीत प्रवेश करावयाचा आणि बाहेर पडल्यावर तोंड पुसून आपापल्या सोवळ्या घरी जेवावयास बसावयाचे, असा तिचा रिवाज. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांचे दप्तर चोरीस गेले आणि आता आपली नावे चव्हाट्यावर येणार या एका धास्तीने मंडळी विस्कटली. जातिभेद खोटा आहे हे ज्यांस बुद्धीने पटले होते त्यांस ते घरी सांगण्याचे धैर्य नव्हते म्हणून त्यांना आज भित्रे ठरविणे सोपे आहे. परंतु बहिष्कार म्हणजे पाणी बंद, सोयरीक बंद आणि प्रेताला खांदा बंद, हा त्या काळचा अर्थ ज्याने नीट समजून घेतला आहे तो त्यांना हसणार नाही.

ही जुनी हकीकत येथे नमूद करण्याचे कारण असे की, त्याच घराण्यांतील पणतू-पणत्या आज आपल्या आईबापांपुढे वेगळ्या प्रकारची एक कबुली घेऊन उभ्या राहू लागल्या आहेत. ‘मला मुलगेही आवडतात आणि मुलीही,’ हे वाक्य मराठीत उच्चारावयास किती अवघड आहे हे ते उच्चारू पाहणाऱ्यासच कळते. आणि ज्या घरात रोज सायंकाळी पवित्र शास्त्राचे वाचन होते, बाप मंडळीच्या पंचांपैकी एक असतो आणि आई स्त्रियांच्या प्रार्थनासभेची चालक असते, तेथे ते अधिकच अवघड. अशा उभयलैंगिक तरुणांविषयी, त्यांच्या आईबापांविषयी आणि या दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या धर्मशास्त्र, कायदा व वैद्यक या तीन गोष्टींविषयी काही माहिती संगतवार मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके डोळ्यांपुढे ठेवून लिहितो, कारण शहरातील अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. शिवनेरीच्या पायथ्याचा हा मुलूख धर्मांतराला अपरिचित नाही; जुन्नरच्या लेण्यांत बौद्ध संघाला दान देणाऱ्या यवनांची नावे दोन हजार वर्षांपूर्वी कोरली गेलेली आहेत. ख्रिस्ती धर्म मात्र येथे उशिरा आला. अहमदनगरास १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने ठाणे घातले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने जुन्नर कसब्यात आपले काम सुरू केले. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत ख्रिस्ती माणसांचे प्रमाण २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे शेकडा एकाहून किंचित कमी आहे. तेव्हा नारायणगाव, मंचर, घोडेगाव अशा गावी ख्रिस्ती कुटुंब म्हणजे बोटांवर मोजावे असे एखादे-दुसरे घर. आणि त्या घराच्या दृष्टीने मंडळी हे केवळ रविवारी उपासनेस जाण्याचे स्थान नसून सोयरीक जुळविणारे, नोकरीसाठी शिफारस देणारे, आजारपणात धावून येणारे आणि शेवटी दफनभूमीत जागा देणारे, असे सगळे गणगोत तीत एकवटलेले असते. पुण्यासारख्या शहरात एका मंडळीत मन रमले नाही तर माणूस दुसरीत जाऊन बसतो. येथे तशी दुसरी मंडळी नसते. म्हणून मुलाची गोष्ट कळताच बापाच्या तोंडून जो पहिला प्रश्न निघतो तो ‘देव काय म्हणेल’ हा नसून बहुधा ‘मंडळीत काय सांगायचं?’ हा असतो, आणि त्यावरून त्याची श्रद्धा पोकळ आहे असे अनुमान काढणे अन्यायाचे होईल. देव क्षमा करतो हे तो लहानपणापासून ऐकत आला आहे. मंडळीविषयी तसे आश्वासन त्याला कोणी दिलेले नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. उभयलैंगिक व्यक्ती म्हणजे जिला एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींविषयी प्रेम वा शारीरिक ओढ वाटू शकते ती. ही ओढ दोन्हीकडे समसमान असते असे नाही, एकाच वेळी असते असेही नाही. कोणाची आयुष्यभर एकीकडे अधिक झुकलेली राहते, कोणाची वयोमानाप्रमाणे पालटते. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेड किन्सी याने १९४८ साली पुरुषांविषयी व १९५३ साली स्त्रियांविषयी जे बृहद् अहवाल प्रसिद्ध केले, त्यांत शून्यापासून सहापर्यंतची एक मापनपट्टी वापरली होती. शून्य म्हणजे केवळ भिन्नलिंगी ओढ, सहा म्हणजे केवळ समलिंगी, आणि या दोन टोकांच्या मधल्या अंकांवरही माणसे होती. किन्सीने माणसे निवडण्याची जी पद्धत अवलंबिली तिच्यावर पुढे रास्त आक्षेप घेतले गेले. त्यामुळे त्याचे आकडे आज कोणी जसेच्या तसे मानीत नाही, परंतु मनुष्यस्वभावाचे दोनच कप्पे करून भागत नाही हा त्याचा मुद्दा टिकून राहिला.

यावर आईबापांचा ठरलेला आक्षेप असतो की हे वयाचे खूळ आहे, पुण्याच्या कॉलेजाचे वारे आहे, चार दिवसांनी उतरेल. या आक्षेपाची परीक्षा लिसा डायमंड या मानसशास्त्रज्ञ विदुषीने केली आहे. समलिंगी, उभयलैंगिक आणि स्वतःस कोणतेच नाव न देणाऱ्या ७९ स्त्रियांशी दहा वर्षे संपर्क ठेवून तिने २००८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्हीकडील ओढ ही वाटेतला मुक्काम असती तर दहा वर्षांत ती बहुतेकींच्या बाबतीत नाहीशी व्हावयास हवी होती. तसे झाले नाही, नावे बदलली तरी ओढीचा तो प्रकार टिकून राहिला. दुसरा आक्षेप चारित्र्याचा. ज्याला दोन्ही आवडतात त्याला दोन्ही एकदम लागतात, असा एक ग्रह सुशिक्षितांतही आढळतो. ज्या गृहस्थाला गोऱ्याही स्त्रिया सुंदर वाटतात आणि सावळ्याही, त्याने म्हणून दोन संसार थाटलेले नसतात, इतका विचार केला तरी तो ग्रह गळून पडावा. एकनिष्ठा हा स्वभावाचा व निश्चयाचा प्रश्न आहे. ओढीच्या दिशेशी तिचा संबंध नाही.

मराठी साहित्यात या विषयाचे एक मार्मिक चित्र सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या २००६ सालच्या कादंबरीत सापडते. पुण्यातील एका मध्यमवर्गीय, अर्थात हिंदू, घरात भाड्याने राहावयास आलेल्या एका तरुणावर त्या घरचा मुलगा आणि मुलगी दोघेही प्रेम करतात आणि तो तरुण दोघांच्याही जवळ जातो. मुलगी त्याच्याबरोबर निघून गेली तेव्हा सगळे घर हादरले. मुलाचा विरह मात्र कोणाच्या गणतीतच आला नाही. परिचित चौकटीत बसणारा अर्धा भाग तेवढा कुटुंबाला दिसतो आणि दुसरा अर्धा डोळ्यांदेखत असूनही दिसत नाही, ही जी गोष्ट त्या कथेत घडते तीच उभयलैंगिक मुलाच्या घरी वेगळ्या रीतीने घडते.

कारण, मुलगा जर म्हणाला की मला फक्त पुरुषच आवडतात, तर आईबाप रडतील, रागावतील, कदाचित हाकलूनही देतील. पण निदान काय ऐकले याविषयी त्यांच्या मनात संदेह राहणार नाही. ‘दोन्ही’ असे म्हणणाऱ्या मुलाच्या आईचा चेहरा मात्र क्षणभर उजळतो. ‘म्हणजे तुला मुलीही आवडतात ना? मग झालं तर!’ असे ती म्हणते, आणि त्या घटकेपासून कबुलीची वाटाघाट होऊन बसते. मंडळीतली मुलगी पाहू, लग्न झाले की सगळे मार्गी लागेल, देवाने तुझ्यापुढे नीट वाट ठेवलीच आहे तर वाकड्या वाटेने का जातोस? आईच्या दृष्टीने हा प्रश्न प्रेमाचा आहे, आणि तर्काच्या दृष्टीने तो दिसतो तितका मूर्खपणाचाही नाही. म्हणूनच त्याला उत्तर देताना मुलाची दमछाक होते. उत्तर असे आहे की, माणूस ‘मुली’ नावाच्या वर्गावर प्रेम करीत नाही, एका व्यक्तीवर करतो. आणि ती व्यक्ती कोण असावी हे दुसऱ्याने ठरविण्याची मुभा जर ओढ वाटण्याच्या शक्यतेवरून मिळत असती, तर भिन्नलिंगी माणसानेही समोर येईल त्या पहिल्या स्थळाशी मुकाट्याने लग्न लावावे असे म्हणावे लागेल. उद्या त्याचे मन खरोखर एखाद्या मुलीवर बसले आणि त्याने तिला सर्व सांगून लग्न केले तर त्यात लबाडी काहीच नाही, आणि तेवढ्याने तो उभयलैंगिक असण्याचे संपतही नाही. परंतु औषध म्हणून लावलेले लग्न हे तिसऱ्या घरच्या निरपराध लेकीच्या माथी मारलेले कर्ज असते, आणि धर्मभीरू आईबापांना हा मुद्दा इतर कोणत्याही युक्तिवादापेक्षा लवकर पटतो असे मला वाटते. कारण खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा त्यांना पाठ असते.

मुलीच्या बाबतीत तर वाटाघाटीला अवकाशच फारसा नसतो. तिची ओढ कोणीकडे आहे हे विचारण्याची पद्धत मुळात नसल्याने तिने दिलेली कबुली ‘मैत्रिणीचा लळा’ म्हणून बाजूस ठेवली जाते आणि स्थळे पाहण्याचा वेग वाढविला जातो. उभयलैंगिक माणसे घरी कमी बोलतात याचे मूळ या सगळ्यात असावे. अमेरिकेत प्यू संशोधन संस्थेने २०१३ साली केलेल्या पाहणीत, आपल्या जवळच्या बहुतेक महत्त्वाच्या माणसांना आपल्याविषयी ठाऊक आहे असे समलिंगी पुरुषांपैकी शेकडा ७७ जणांनी सांगितले, समलिंगी स्त्रियांपैकी शेकडा ७१ जणींनी. उभयलैंगिकांपैकी मात्र केवळ शेकडा २८ जणांनी. तो देश निराळा व रीतरिवाज निराळे हे खरे, परंतु जेथे बोलण्याची मोकळीक पुष्कळ आहे तेथे ही अवस्था, तर घोडेगावची काय असेल, याची कल्पना करता येते.

धर्मशास्त्राचा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण अशा घरात बोलणे लवकरच त्यावर येते आणि बाप उठून पवित्र शास्त्र घेऊन येतो. जी वचने काढून दाखविली जातात ती मोजकी आहेत: उत्पत्तीच्या एकोणिसाव्या अध्यायातील सदोमाची कथा, लेवीयातील अठराव्या व विसाव्या अध्यायांतील निषेध, पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा पहिला अध्याय आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा. या वचनांचा परंपरागत अर्थ निषेधाचाच आहे आणि बहुसंख्य ख्रिस्ती पंथ तोच मानतात, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्याबरोबर हेही सांगितले पाहिजे की, गेल्या सत्तर वर्षांत अनेक श्रद्धावान धर्मपंडितांनी या वचनांचा फेरविचार केला आहे. सदोमाच्या लोकांनी पाहुण्यांवर बळजबरी करू पाहिली, आणि यहेज्केल संदेष्ट्याने सोळाव्या अध्यायात त्या नगराचा अपराध सांगताना गर्व, सुखासीनता व दीनदुबळ्यांची उपेक्षा यांचे नाव घेतले आहे, याकडे ते लक्ष वेधतात. लेवीयातील ज्या नियमावलीत हा निषेध आहे तीतच दोन जातींच्या सुतांचे वस्त्र वर्ज्य केलेले आहे, हे ते दाखवून देतात. आणि पौलाच्या डोळ्यांपुढे रोमन जगातील गुलाम मुलांचा उपभोग होता, समवयस्कांचा एकनिष्ठ सहवास नव्हता, असा त्यांचा पक्ष आहे. हा पक्ष सर्वांस मान्य नाही. तरी तरुणाने हा वाद जेवणाच्या ताटावर जिंकण्याच्या भरीस पडू नये असे माझे मत आहे. ज्या बापाने चाळीस वर्षे एका रीतीने शास्त्र वाचले त्याला एका रात्रीत दुसरी रीत शिकविणे अशक्य असते, आणि त्या झटापटीत मूळ निवेदन, म्हणजे ‘मी तुमच्याशी खोटे बोलून राहू इच्छित नाही’ हे, बाजूस पडते. पंडिता रमाबाईंचा दाखला अशा वेळी उपयोगी पडतो, कारण त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनचे नाव पुणे जिल्ह्यातील प्रत्येक ख्रिस्ती घरात आदराने घेतले जाते. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर ज्या धर्मभगिनीने त्यांना आश्रय दिला तिच्याशीच त्यांनी पत्रांतून दीर्घ वाद केला. जे मत माझ्या सद्सद्विवेकाला पटलेले नाही ते केवळ चर्चच्या अधिकारावरून मी स्वीकारणार नाही, असा त्या वादातला त्यांचा पवित्रा होता, आणि त्यापायी त्यांची श्रद्धा उणी होती असे आज कोणी म्हणत नाही.

निरनिराळ्या चर्चसंस्थांची भूमिकाही एकसारखी राहिलेली नाही. जुन्नरचे जुने मिशन ज्या अँग्लिकन परंपरेतले, त्या परंपरेच्या बिशपांनी १९९८ च्या लँबेथ परिषदेत समलिंगी संबंध शास्त्राशी विसंगत ठरविले. त्याच परंपरेच्या इंग्लंडातील मूळ चर्चच्या महासभेने २०२३ साली अशा जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना संमती दिली. भारतात ती परंपरा १९७० साली नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली असून येथील मंडळ्यांत विवाहाविषयीची जुनीच शिकवण चालू आहे. नागपुरातच मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया या संस्थेने मात्र लैंगिक विविधतेवर पाळकांसाठी व धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासवर्ग चालविले आहेत. कॅथलिक चर्चची शिकवण समलिंगी कृतीला अनुचित मानते, पण अशा व्यक्तीशी आदराने व करुणेने वागावे असे १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातच तिने नमूद केले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये रोमने अशा जोडप्यांना, विवाहविधीहून अगदी वेगळ्या स्वरूपाचा, साधा आशीर्वाद देण्याची मोकळीक धर्मगुरूंना दिली. तेव्हा ‘चर्चचे मत’ असे जे आईबाप एका शब्दात सांगतात ते वस्तुतः चालू असलेल्या एका वादातील एक मत असते. घरी आलेल्या पाळकसाहेबांनाही पुष्कळदा हे ठाऊक असते; मंडळीच्या पंचांपुढे ते बोलून दाखविणे त्यांना परवडत नाही, इतकेच.

कायद्याचे म्हणाल तर भीतीचे मोठे कारण आता उरलेले नाही. भारतीय दंडविधानाचे ३७७ वे कलम १ जानेवारी १८६२ पासून अमलात आले. म्हणजे मिशनची ठाणी आणि हा गुन्हा ही दोन्ही एकाच पिढीत, एकाच सरकारच्या अमदानीत या मुलखात दाखल झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते कलम रद्दबातल ठरविले. त्या खटल्यात कलम राखण्याच्या बाजूने काही ख्रिस्ती संघटना न्यायालयात उभ्या राहिल्या होत्या, आणि उलट मुंबईचे तत्कालीन कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी २०१३ सालीच, समलिंगी व्यक्तींना आम्ही कधी गुन्हेगार मानलेले नाही, असे जाहीरपणे सांगितले होते. एकाच धर्माची ही दोन तोंडे आईबापांना दाखविण्यासारखी आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम मुळीच नाही. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास मात्र सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला.

वैद्यकाच्या बाबतीत अधिक सावध राहावयास हवे, कारण खरा अपाय येथे होतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ च्या डिसेंबरात समलैंगिकतेला रोगांच्या यादीतून वगळले, जागतिक आरोग्य संघटनेच्या महासभेने १७ मे १९९० रोजी वगळले, आणि भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली तीच भूमिका जाहीर केली. असे असूनही, घरातल्या प्रार्थनेने भागले नाही की ‘सुटका’ करून देणाऱ्या एखाद्या उपदेशकाकडे किंवा ‘बरे’ करून देणाऱ्या एखाद्या डॉक्टराकडे मुलाला नेण्याची प्रवृत्ती सर्वच धर्मांच्या घरांत आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमात असे स्पष्ट बंधन आहे की, समाजात प्रचलित असलेल्या नैतिक, सामाजिक वा धार्मिक कल्पनांशी एखाद्याचे वर्तन जुळत नाही एवढ्यावरून त्यास मनोरुग्ण ठरविता येणार नाही. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी जून २०२१ मध्ये लैंगिक कल बदलू पाहणाऱ्या उपचारांस मनाई केली, आणि त्याच खटल्याच्या ओघात २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे उपचार म्हणजे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन होय असे सर्व राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळविले. आईने मुलासाठी गुडघे टेकून प्रार्थना करावी, मुलाने तिच्या शेजारी बसावे. त्यात कोणाची हानी नाही. उपवास घडविणे, कोंडून ठेवणे, चारचौघांत सैतान काढण्याचा विधी करणे, या गोष्टींना प्रार्थना हे नाव देता येत नाही.

सांगावे केव्हा व कसे, याला एकच उत्तर नाही; आणि सांगितलेच पाहिजे असाही दंडक नाही. जो मुलगा शिक्षणासाठी बापाच्या पैशांवर अवलंबून आहे, किंवा जिला घरी कोंडून ठेवतील अशी धास्ती आहे, त्यांनी आपल्या पायावर उभे राहीपर्यंत थांबण्यात कसलाही अप्रामाणिकपणा नाही. प्रथम एखाद्या मावशीला, आत्याला किंवा वडील बहिणीला विश्वासात घ्यावे. मराठी घरांत बापापर्यंत पोचणारी अवघड बातमी नेहमीच अशा वाटेने जाते आणि ती वाट वाईट नाही. नाताळचा आठवडा टाळावा, कारण घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि सणाला लागलेला डाग पुढे दरवर्षी आठवतो. भांडणाच्या भरात तर मुळीच सांगू नये. तोंडाने जमत नसेल तर पत्र लिहावे. पत्र पुन्हा वाचता येते, आणि पहिल्या वाचनात आईबापांना जे दिसत नाही ते पुष्कळदा चौथ्या वाचनात दिसते. अमेरिकेतील केटलिन रायन या समाजसेविकेने व तिच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, कुटुंबाने तीव्रपणे झिडकारलेल्या तरुणांत आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण, ज्यांना फारसे झिडकारले गेले नाही त्यांच्या मानाने आठपटींहून अधिक होते. हे आकडे आईबापांना धमकी म्हणून ऐकवावयाचे नाहीत. परंतु तिऱ्हाईताने, शक्य तर कुटुंबाच्या विश्वासातल्या डॉक्टराने, ते त्यांच्या कानी घालावे. आधारासाठी पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी स्थापन केलेला समपथिक ट्रस्ट, मुंबईत १९९४ पासून चालत असलेला हमसफर ट्रस्ट आणि मुलांना स्वीकारलेल्या पालकांचा ‘स्वीकार’ हा गट यांची नावे ठाऊक असावीत. मन फारच खचले तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक जुन्नरहूनही लागतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.

आईबापांविषयी अखेरचे थोडे. त्यांना लागलेला वेळ हा पुष्कळदा नकार समजला जातो, आणि येथे लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण फार बोलके आहे. नवऱ्याने धर्म सोडला तेव्हा त्या कोसळल्या आणि काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे; आपले सोवळे, आपला वेगळा स्वयंपाक, आपले वेगळे पाणी घेऊन त्या टिळकांच्या घरी नांदू लागल्या, आणि टिळकांनी ते सर्व चालू दिले. बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो त्यानंतर, १९०० साली, स्वतःच्या विचाराने. एकत्र राहणे आधी सुरू झाले, मतांचे जे व्हावयाचे ते मागाहून झाले. कबुलीनंतरच्या पहिल्या वर्षी धर्मनिष्ठ घरातही अशा तात्पुरत्या तहाच्या अटी ठरविता येतात: बापाने आपले मत सोडू नये, पण ते रोज बोलून दाखवू नये, मुलाने सणावारी घरी यावे आणि उपासनेस बरोबर जावे, पण प्रार्थनेत त्याचे नाव घेऊन पापाचा उल्लेख होऊ नये, लग्नाचा विषय वर्षभर कोणीही काढू नये, आणि मंडळीत कोणाला काय व किती सांगावयाचे ते मुलाला विचारल्यावाचून ठरवू नये, पाळकसाहेबांनाही नाही.